छताचा पंखा, घरच्या घरी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

होळीच्या सुमारास धर्माबादच्या मोंढ्यात लाल मिरचीचे ढीग पडलेले असतात. बाजारात शिंका आणि घरात घाम, असे ते दिवस. याच दिवसांत आपण सगळे एकदा मान वर करून छताकडे पाहतो. वर्षभर फिरून दमलेला पंखा कुरकुरत असतो, नाहीतर काठीनं ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही. मग नवा पंखा घरी येतो. निजामाबादहून आणला काय अन् नांदेडहून आणला काय, खोक्यातून बाहेर निघाला की प्रश्न एकच, हा बसवायचा कोणी? वायरमनला निरोप जातो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याला सगळा गाव बोलावत असतो, त्यामुळे तो "उद्या येतो" म्हणतो आणि तो उद्या चार दिवसांनी उजाडतो. तोवर घरातला एखादा हुशार पोरगा स्टुलावर चढून म्हणतो, "त्यात काय एवढं? दोनच तर वायरी."

वायरी दोनच असतात, हे खरं आहे. पण त्या दोन वायरींत २३० व्होल्टचा दाब असतो आणि त्या ज्याला जोडायच्या ते चार-पाच किलोचं धूड पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्या झोपलेल्या लेकरांच्या बरोबर वर गरगरणार असतं. साधा चार फुटी पंखा, म्हणजे १२०० मिलिमीटरचा, पूर्ण वेगात मिनिटाला साधारण ३७० फेरे घेतो. हिशोब केला तर त्याच्या पात्याचं टोक ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं पळत असतं. नांदेडच्या रस्त्याला मोटारसायकल पळवावी, तसा तो वेग. म्हणून पंखा घरी बसवू नये असं मी म्हणणार नाही. जरूर बसवावा, बायाबापड्यांनीही बसवावा. पण काय आपल्या हातचं आहे आणि काय नाही, हे आधी नीट समजून घ्यावं.

कायदा काय म्हणतो?

घरातलं विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं, असा आपल्याकडे नियम आहे. पण त्या नियमात एक शहाणपणाची सवलतही आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४५ व्या नियमानुसार दिवे, पंखे, फ्यूज, बटणं आणि घरगुती उपकरणं बदलणं यातून वगळलेलं होतं. अट एवढीच, की त्या बदलामुळे मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१० मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये नवे विनियम केले, त्यांतही ही सवलत कायम राहिली.

याचा साधा अर्थ असा. जिथं पंख्याचा पॉइंट आधीपासून आहे, कडी आहे, वायर आलेली आहे, बटण आहे, तिथं जुना उतरवून नवा पंखा लावणं हे घरमालकाचं काम आहे. पण जिथं पॉइंटच नाही, तिथं बोर्डापासून नवी वायर ओढायची, भिंत फोडायची, नवं बटण बसवायचं, हे काम परवानाधारक माणसाचं. ही रेघ कायद्यानं आखली असली तरी ती अनुभवातूनच आलेली आहे. नव्या वायरीची जाडी किती, ती कुठल्या फ्यूजवर टाकायची, अर्थिंग कुठून आणायचं, हे अंदाजानं ठरवायचं काम नव्हे.

पंखा आतून कसा असतो?

पूर्वी कचेऱ्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत छताला कापडी पंखा टांगलेला असे आणि बाहेर ओसरीत बसलेला माणूस दोरीनं तो दिवसभर ओढत असे. अमेरिकेत १८८० च्या दशकात फिलिप डील नावाच्या कारागिरानं शिलाई मशीनसाठी केलेली विजेची मोटर छताला टांगली, तिला पाती लावली, आणि तिथून छताचा विजेचा पंखा सुरू झाला. आजही त्याची रचना फार बदललेली नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाण्याच्या मोटारीत बाहेरचं कवच स्थिर असतं आणि आतला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात उलटं असतं. आतला दांडा आणि तारांची गुंडाळी स्थिर, आणि बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाती एका दिशेला फिरतात, तेव्हा वरच्या दांड्याला उलट दिशेनं पीळ बसतो. प्रत्येक वेळी पंखा सुरू करताना तो पीळ थोडा धक्का देतो, आणि चालू असताना बारीक थरथर चालूच असते. वर्षानुवर्षं हे चाललं की नट हळूहळू सैल होतात. म्हणून पंख्याच्या प्रत्येक मोठ्या बोल्टाला नटाच्या बाहेर एक बारीक छिद्र असतं आणि त्यात घालायला दुहेरी तारेची पिन दिलेली असते. तिला आपण स्प्लिट पिन म्हणतो. नट सैल झाला तरी ही पिन त्याला निसटू देत नाही. खोक्यात तळाशी पडलेली ही पिन "उरली" म्हणून फेकून देणारी माणसं असतात. पंखा खाली येण्याची सुरुवात तिथून होते.

दुसरा भाग कपॅसिटरचा. एका फेजवर चालणारी अशी मोटर आपण होऊन सुरू होत नाही. तिच्या आत दोन गुंडाळ्या असतात आणि दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह थोडा मागेपुढे करून तिला पहिला ढकल देण्याचं काम कपॅसिटर करतो. बहुतेक घरगुती पंख्यांत तो अडीच मायक्रोफॅरडचा असतो. तो अशक्त झाला की पंखा मंद फिरतो, किंवा हातानं ढकलावा लागतो. अशा वेळी नवा पंखा घेण्याआधी कपॅसिटर बदलून पाहा. किंमत पंख्याच्या मानानं किरकोळ असते. फक्त जुन्यावर लिहिलेला आकडा आणि व्होल्ट पाहून तसाच आणा. आणि एक सावधगिरी, वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा साठा राहू शकतो. त्याच्या उघड्या टोकांना बोट लावण्याआधी लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ असलेल्या पेचकसानं दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून घ्या.

अलीकडे बीएलडीसी म्हणून जे पंखे मिळतात, त्यांत हा जुन्या पद्धतीचा कपॅसिटर नसतो. आत लोहचुंबक आणि एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, हा तीसच्या आसपास. दिवसाला १६ तास पंखा चालला तर जुन्याचे महिन्याला ३६ युनिट होतात आणि नव्याचे साधारण १५. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आहे, तेव्हा घेताना ती आणि आयएसआयची खूण दोन्ही पाहून घ्या. बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या रेग्युलेटरमधून चालवायचा नसतो. रेग्युलेटर काढून त्याला बटणातून सरळ वीज द्यायची आणि वेग रिमोटनं बदलायचा. पूर्वीचाच रेग्युलेटर ठेवला तर आतली पाटी खराब होण्याची भीती असते.

टांगायचं कशाला?

आपल्याकडचा खरा प्रश्न हा आहे. खोक्यातला कागद स्लॅबचं घर गृहीत धरून लिहिलेला असतो. धर्माबाद, बिलोली, उमरी या भागात मात्र एकाच गल्लीत तीन तऱ्हेची छतं दिसतात. स्लॅब, पत्रे आणि माळवद. प्रत्येकाची रीत वेगळी.

स्लॅबच्या घरात छत ओतताना सळईची कडी आतल्या लोखंडी जाळीत अडकवून ठेवलेली असते. ती सगळ्यांत भरवशाची. पण छत गळत असेल, कडीभोवती तांबूस डाग असतील, गिलाव्याच्या खपल्या पडत असतील, तर आत गंज चढलेला आहे असं समजा. कडी जिथं वाकते आणि जिथं पंख्याची कप्पी तिच्यावर घासते, तो भाग निरखून पाहा. जुन्या घरांत तिथं सळई झिजून अर्धी राहिलेली सापडते. कडीच नसेल, तर यंत्रानं भोक पाडून पसरणारा अँकर बोल्ट बसवतात. तो पक्क्या काँक्रीटमध्ये खोलवर गेला पाहिजे, नुसत्या गिलाव्यात नव्हे. लाकडी गुल्ली ठोकून तिच्यात स्क्रू पिळणं हा तर पंख्याच्या बाबतीत गुन्हाच समजा.

माळवदाच्या घरात वर पांढरी माती, तिच्याखाली फळ्या, फळ्यांखाली सर आणि सरांखाली मुख्य तुळई असते. पंखा टांगायचा तो तुळईला, मधल्या सराला नाही. आधी तुळई पेचकसाच्या मुठीनं ठोकून पाहा. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, वाळवीनं पोखरलेलं बद्द वाजतं. टोक खुपसून पाहा, ते सहज आत गेलं तर तिथं काही टांगू नका. लाकडात पिळून बसवायच्या आकड्यापेक्षा तुळईला भोवती आवळणारा लोखंडी पट्टा, किंवा आरपार बोल्ट आणि वरून जाड वॉशर, हे अधिक चांगलं. गावातला लोहार असा पट्टा करून देतो. माळवदाची खोली बुटकी असते, हाही एक मुद्दा. पाती जमिनीपासून आठ फुटांच्या खाली येता कामा नयेत. जिथं बाजेवर उभं राहून मच्छरदाणी बांधली जाते किंवा लेकरू खांद्यावर घेतलं जातं, तिथं हा आठ फुटांचा नियम जिवाचा नियम आहे. छत तेवढं उंच नसेल तर छताचा पंखा लावूच नका, भिंतीचा लावा.

माळवद म्हटलं की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगावली, ती मुख्यतः दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या मातीच्या ओझ्याखाली. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के आपल्या नांदेड जिल्ह्यातही बसले. अशा धक्क्यानंतर भिंतीच्या भेगा तर पाहाव्यातच, पण पंख्याची कडी आणि तुळईचा सांधाही पाहावा. हललेली कडी लगेच पडत नाही. ती पुढच्या उन्हाळ्यात, पंखा पाचवर असताना पडते.

तिसरं पत्र्याचं घर. पत्र्याच्या हुकाला किंवा पातळ पट्टीला पंखा कधीही टांगू नये. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड लोखंडी पाईप किंवा अँगल आडवा टाकावा, दोन्ही टोकं भिंतीत सिमेंटनं पक्की करावीत आणि त्यावर बोल्टानं आवळलेली कडी बसवावी. पण पत्र्याच्या घरात पडण्यापेक्षा मोठं भय विजेचं असतं. पत्र्याची कड सुरीसारखी असते. पंखा थरथरतो, वायर त्या कडेवर घासते, वरचं प्लास्टिक कापलं जातं आणि एके दिवशी पत्रा, पाईप आणि त्याला बांधलेली कपडे वाळत घालायची तार, सगळ्यांत वीज उतरते. ओलं लुगडं वाळत घालणाऱ्या बाईला ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पत्र्याच्या घरात वायर प्लास्टिकच्या नळीतूनच न्यावी, ती कुठंही पत्र्याला टेकू नये, आणि लोखंडी पाईपला अर्थिंगची हिरवी वायर जोडून घ्यावी. हे अर्थिंगचं काम वायरमनकडूनच करून घ्या. त्याच वेळी गळती होताच वीज तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मीटरशेजारी बसवून घेता आला, तर उत्तमच.

नवी कडी बसवली की तिची परीक्षा घ्या. पंखा पाच किलोचा, पण कडीला त्याच्या आठ-दहा पट ओझं पेलता आलं पाहिजे. ज्वारीचं पोतं दोरीनं तिला टांगा, रात्रभर राहू द्या आणि खाली कोणाला झोपू देऊ नका. सकाळी कडी जागची हललेली नसेल, आसपास चीर पडलेली नसेल, तर ती पास झाली.

आता प्रत्यक्ष काम

पहिलं पाऊल वीज बंद करण्याचं. नुसतं पंख्याचं बटण बंद करून भागत नाही. बटण नेहमी फेजच्या वायरीवर असायला हवं, पण जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर लावलेलं सापडतं. अशा वेळी बटण बंद असूनही पंख्यापर्यंत वीज आलेली असते. म्हणून मेन स्विच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला तरी इन्व्हर्टर त्याच वायरीत वीज सोडत असतो, आणि हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आणखी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे "लाईट गेलीय तोवर उरकून घेऊ" ही. गेलेली लाईट सांगून येत नाही. लाईट असताना मेन पाडा आणि मेनजवळ घरातलं एक शहाणं माणूस उभं करा.

मग टेस्टर. तो आधी एका चालू पॉइंटवर लावून पेटतो का पाहा. मग मेन पाडून पंख्याच्या दोन्ही वायरींना लावा, पेटता कामा नये. मग तो पुन्हा दुसऱ्या कुठल्या चालू जागी, शेजाऱ्याकडे का होईना, लावून पाहा. कारण मधल्या वेळात टेस्टरच बिघडला असेल तर तो खोटंच "वीज नाही" म्हणेल. ही तीन वेळची तपासणी दोन मिनिटांची आहे. ती टाळू नका.

चढायला पक्का लाकडी घोडा किंवा शिडी घ्या. बाजेवर स्टूल आणि स्टुलावर डबा, असली उतरंड नको. पायात कोरडी रबरी चप्पल असावी. माणसं दोन हवीत, एक वर आणि एक खाली पंखा पेलून धरणारा.

जुना पंखा उतरवताना आधी पाती काढा, मग वरची वाटी खाली सरकवून वायरी कुठल्या कुठं होत्या ते नीट पाहून सोडवा. मोबाईलनं फोटो काढून ठेवलात तर उत्तम. मग शॅकलचा बोल्ट काढून पंखा खाली द्या.

नवा पंखा जमिनीवर, सतरंजीवर ठेवून जुळवा. क्रम असा. दांड्यात दोन्ही वाट्या ओवून घ्या, एकीचं तोंड वर, दुसरीचं खाली. वाटी ओवायची विसरली तर सगळं पुन्हा उतरवावं लागतं. पंख्याच्या वायरी दांड्यातून वर काढा. दांडा मोटारीच्या मानेत बसवून आरपार बोल्ट घाला, नट आवळा, स्प्लिट पिन घाला आणि पिनेची दोन्ही टोकं पक्कडीनं विरुद्ध दिशांना वाकवा. बाजूला एक छोटा स्क्रू दिलेला असेल तर तोही घट्ट करा. वरच्या टोकाला शॅकल आणि तिच्यात रबराची कप्पी. हे रबर थरथर शोषतं आणि कडीला झिजू देत नाही. जुनं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, ते पुन्हा वापरू नका.

आता पंखा उचला. कडीत शॅकल अडकवा, कप्पी कडीवर नीट बसली का पाहा, बोल्ट, नट आणि पुन्हा स्प्लिट पिन. पंखा धरून खाली जोर द्या, इकडंतिकडं हलवा. तो रबरावर थोडा डोलला पाहिजे, पण सरकता कामा नये. मनाची खात्री झाली की मगच वायरींकडे वळा.

वायरींचे रंग आपल्याकडे असे ठरलेले आहेत. फेजची लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलची काळी, अर्थिंगची हिरवी. मात्र जुन्या घरात रंगावर विश्वास ठेवू नका. हाती आली ती वायर ओढलेली असते. बटणाकडून आलेली फेज आणि सरळ आलेली न्यूट्रल कनेक्टरमध्ये पंख्याच्या दोन टोकांना जोडा. नुसती टोकं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं हे काम नव्हे. उन्हाळ्यात छताजवळच्या उष्णतेनं ती पट्टी सुटते. वायर दांड्याच्या कडेला घासत नाही ना, पुरेशी ढिली आहे ना, ते पाहा. अर्थिंगची वायर असेल तर पंख्याच्या अर्थिंगच्या जागी जोडा. मग वरची वाटी छताला जवळजवळ भिडेल अशी, पण छताला न टेकता घट्ट करा.

पाती शेवटी. एका खोक्यातली पाती एकमेकांशी वजनानं जुळवलेली असतात. दोन पंख्यांची पाती एकमेकांत मिसळली की पंखा डुलायला लागतो. पात्यांचे सगळे स्क्रू आधी हलके बसवा आणि मग सारखे आवळत जा. पात्याला हातानं बाक देऊ नका.

खालची जागा मोकळी करून मेन चालू करा आणि पंखा सगळ्यात कमी वेगावर सोडा. नंतर एकेक आकडा वाढवा. वारा खाली येत नसेल तर पंखा उलटा फिरतो आहे. जुन्या पद्धतीच्या पंख्यात कपॅसिटरकडच्या वायरींची अदलाबदल झाली की असं होतं. पुन्हा मेन पाडून कागदावरच्या आकृतीशी जोडणी ताडून पाहा. पंखा डुलत असेल तर छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकाचं अंतर काठीनं मोजा. एखादं वरखाली सापडेल, त्याचे स्क्रू पुन्हा आवळा. दुकानातून हवा तर एक वॉशर आणून त्या पात्याखाली घाला. गुणगुण हा साधारण रेग्युलेटरचा दोष असतो, कटकट हा सैल स्क्रूचा.

थांबायचं कुठं?

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काही खुणा दिसल्या की हातातला पाना खाली ठेवायचा आणि वायरमनची वाट पाहायची. वायरीचं प्लास्टिक बोट लावताच चुरा होत असेल, कनेक्टर जळून काळा पडला असेल, मेन पाडल्यावरही टेस्टर पेटत असेल, पंख्याच्या कवचाला किंवा पाईपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर ते आपलं काम नाही. चार दिवस घामात काढावे लागले तरी चालतील. फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालणं म्हणजे राखणदाराचे डोळे बांधण्यासारखं आहे.

कोणाला शॉक बसलाच, तर त्याला हातानं ओढू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं वायर बाजूला सारा. माणूस श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात आणि भरभर दाब देत राहा, आणि दुसऱ्याला १०८ ला फोन लावायला सांगा. शॉक बसून उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात दाखवून आणा. हृदयाचा ठेका बिघडलेला वरून दिसत नाही.

पंखा बसवून आठ दिवस झाले की मेन पाडून एकदा वर चढा आणि सगळे नट पुन्हा आवळा, कारण नवं रबर ओझ्यानं थोडं दबतं. त्यानंतर दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी, घर झाडताना, पाती पुसायच्या निमित्तानं वरची वाटी सरकवून पिना जागेवर आहेत का ते पाहावं. पाती पुसणं हे आपल्याकडे बहुधा घरातल्या बाईचं काम असतं. तेव्हा या पिना कुठं असतात, हे तिला दाखवून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी ना कोणी वर्षातून एकदा तरी तिथं नजर टाकेल. पंख्याची पावती आणि वॉरंटीचा कागद देव्हाऱ्यामागे नाहीतर रेशनकार्डाच्या पिशवीत, जिथं सापडेल तिथं ठेवा.

येत्या रविवारी नवा पंखा आणायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी एक काम करा. मेन पाडा, घोड्यावर चढा आणि जुन्या पंख्याची वाटी खाली सरकवून आतली कडी बॅटरीच्या उजेडात नीट पाहा. ती धड असेल तर बाकीचं काम तुमच्या हातचं आहे.